सोड आणि ओढ

सकाळचा उजेड त्या खोलीत कधी एकदम शिरत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उतरायचा आणि तिथे, काहीतरी मनाशी ठरवत असल्यासारखा, बराच वेळ थांबायचा. टाकीचा काळा, फुगीर गाल हळूहळू करडा व्हायचा, त्याच्या कडेला एक दुधी रेघ उमटायची, आणि त्या रेघेतून सुटलेला एक तुकडा रस्ता ओलांडून इकडच्या काचेला येऊन टेकायचा. काचेवरचे बोटांचे ठसे आधी दिसू लागत. मग दोरीवरच्या टॉवेलची कड, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला शर्ट, त्या शर्टाचं एकच बटण. उजेडाला घाई म्हणून नसे. फरशीवर उतरल्यावर तो पलंगाच्या पायाशी येई, पांघरुणाची एखादी सुरकुती उजळून पाही, तिथून पुन्हा मागे सरल्यासारखा वाटे, आणि मग कुठे त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचे.

तो नेहमीसारखा डाव्या कुशीवर, कान उशीत रुतवून, हे सगळं बघत पडला होता. कुणाशीही न बोलता घालवता येईल अशी दिवसातली हीच काय ती वेळ. गजराने जागं व्हावं लागणाऱ्या माणसांची त्याला थोडी कीव येई. आपल्याला उजेड उठवतो, असं तो स्वतःशी म्हणे आणि त्यात त्याला किंचित अभिमानही वाटे. आज त्या उजेडात आणखी एक लहानसा चौकोनी उजेड मिसळला होता. उशाजवळच्या स्टुलावर फोनचा पडदा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. पाण्याखाली काहीतरी हलावं तसा. तोही त्याला बरा वाटला.

ओले हात पदराला पुसत बायको आत आली आणि तिने फोन उचलून गजर बंद केला. त्याने उशीवरून डोकं उचललं.

"किती वेळचा कोकलतोय हा!"

"जागाच आहे मी."

"जागे आहात तर बंद करायचा ना. शेजाऱ्यांनाही ड्युटीवर न्यायचा विचार आहे का?"

तो हसला. ती पलंगाला वळसा घालून आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आज ताईंचं ना? काहीतरी खाऊन जा. उपाशीपोटी चक्कर येऊन पडलात, तर ताई टेबलावरून उठून आधी तुम्हाला झापतील."

लग्नानंतर चेष्टा म्हणून तिने त्याला जुन्या बायकांसारखं "अहो, ऐकलंत का?" अशी हाक मारायला सुरुवात केली होती. चेष्टेची सवय झाली, सवयीची माया झाली. पण अलीकडे ती तशी हाक मारत नसे. जवळ येऊन खांद्याला हात लावी आणि मगच बोले. कधी कधी दिवसभर गप्प गप्प असे. "तुम्ही अबोला धरता, मग मीही धरते," असं एकदा म्हणालीही होती. त्याने अबोला कधी धरला होता, हे त्याला आठवेना. संसार जुना होत चालला की हाकाही कमी होत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

ताई म्हणजे काही त्याची सख्खी बहीण नव्हे. ज्या हॉस्पिटलात तो ऑपरेशन थिएटरचा ब्रदर होता, तिथल्या त्या मुख्य सिस्टर. सगळ्यांच्या ताई, पण त्याच्या जरा जास्तच. त्याला हे काम त्यांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी त्याला टेबलापाशी उभं करून त्या म्हणाल्या होत्या, "सर्जनच्या तोंडाकडे बघू नकोस, हाताकडे बघ. तोंड घाई करतं, तोंड शिव्या देतं. हात मागतो ते खरं." आणि तो हात वाचायला शिकला. तळवा उताणा आला की चिमटा, दोन बोटं कात्रीसारखी हलली की कात्री, अंगठा आत वळला की सुई-धागा. मागणारा हात उघडायच्या आत वस्तू तळव्यात टेकलेली असे. तास तास तो एक शब्द न बोलता उभा राही. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. त्याला ते पदकासारखं वाटे.

एकदा धुतलेली हत्यारं लावता लावता ताई म्हणाल्या होत्या, "माझं पोट फाडायची वेळ आलीच, तर समोर तू हवास हं. दुसऱ्या कुणाच्या हाती मी माझी आतडी देणार नाही." दोघेही हसले होते. मग या वर्षी ताईंचे डोळे पिवळे झाले. "सिग्नल पिवळा लागलाय बघ," त्या म्हणाल्या, "लाल व्हायच्या आत निघायला हवं." तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं, ते रोबोटवर. सर, म्हणजे मुख्य सर्जन, स्वतः करणार होते. तेव्हापासून तो मनातल्या मनात रोज त्या टेबलापाशी उभा राहत होता. हे एक काम आपल्या हातून नीट पार पडलं, तर आजवर गप्प राहून घालवलेल्या सगळ्या वर्षांचं चीज झालं, असं त्याला वाटत होतं.

हॉस्पिटलचा रस्ता चढाचा होता. बेकरीवाला शटर वर सरकवत होता, झाडूवाली फुटपाथच्या कडेचा पाचोळा एका बाजूला ओढत होती. त्याने चालता चालता दोन्ही हातांची बोटं उघडून मिटून पाहिली. हात स्थिर होते. हातांचा त्याला कधीच प्रश्न नव्हता.

कपडे बदलून, टोपी-मास्क लावून तो थिएटरचं दार खांद्याने ढकलून आत गेला, तेव्हा रोबोटच्या हातांवर पारदर्शक आवरणं चढवण्याचं काम निम्मं झालं होतं. चार लांब हात छताखाली दुमडून उभे होते आणि त्यांच्याखाली, गाऊन घालून, त्याच्या जागेवर, चिमणी उभी होती.

चिमणी त्यांच्यातली सगळ्यांत नवी सिस्टर. तिचं तोंड एक क्षण बंद नसे. ती कपाटाशी बोले, ट्रेशी बोले, हातमोजा फाटला तर त्याचीही समजूत काढी. तिच्या बडबडीमुळेच तिला ते नाव पडलं होतं, आणि ताईंनी तिला हाताखाली घेतलं तेव्हा त्याला मनातून नवल वाटलं होतं.

"दुसरा हात झाला, आता तिसरा, ये रे बाबा, असा ये," ती रोबोटला म्हणत होती. त्याला पाहून ती थबकली. "दादा! आलात? तुमची ट्रॉली मी बाहेर काढून ठेवलीय, तेवढी मांडायची राहिलीय."

"माझी कुठली ट्रॉली?"

"अहो, उघड्या ऑपरेशनची. तुम्ही त्या ट्रॉलीवर आहात ना आज? मी इथे." ती गोंधळली. "तुम्हाला सरांनी सांगितलं नाही?"

"नाही."

तो तसाच बाहेर आला. सर हात धूत होते. नळाचं पाणी धो धो पडत होतं आणि ते कोपरापर्यंत साबण चोळत होते.

"सर, आज मी टेबलापाशी नाही?"

सरांनी त्याच्याकडे नीट वळून पाहिलं. "काल सांगितलं की तुला. कॉरिडॉरमध्ये, बरोबर चालत होतो आपण. तू मान डोलावलीस."

त्याला काल आठवला. सर उजव्या बाजूने येऊन त्याच्याबरोबर चालू लागले होते, काहीतरी म्हणाले होते, आणि त्याने मान डोलावली होती. सकाळी लवकर ये म्हणत असतील, दुसरं काय असणार, असं त्याला वाटलं होतं.

"तू एवढ्या सहज 'बरं' म्हणालास, मला तर बरंच वाटलं," सर म्हणाले. "ताईंची इच्छा आहे ती. त्यांच्याशी बोलून घे हवं तर. पाच-दहा मिनिटं आहेत."

ताईंची इच्छा. ते दोन शब्द त्याच्या छातीत कुठेतरी जाऊन अडकले. एखाद्या घरात वर्षानुवर्षं हक्काने शिरावं आणि एके दिवशी आतून कडी लावलेली आढळावी, आणि कडी लावणारा हात आपल्याच माणसाचा असावा, तसं त्याला झालं.

ऑपरेशनपूर्वी रुग्णाला ठेवतात त्या लहानशा खोलीत ताई ट्रॉलीवर उताण्या पडल्या होत्या. केस हिरव्या टोपीत, अंगावर मागून बांधायचा सैल झगा. बांगड्या, चष्मा, कवळी, सगळं काढून ठेवलेलं. त्यामुळे चेहरा लहान आणि अनोळखी दिसत होता. फक्त डोळे त्यांचेच होते, पिवळे असले तरी.

"आलास?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रुसून घरीच बसतोस की काय."

"ताई, हे काय ऐकतोय मी?"

"ऐकतोयस होय? बरं झालं."

त्याला तो टोमणा कळला नाही. किंवा कळला, पण त्याने तो आत येऊ दिला नाही. "तुम्ही म्हणाला होतात, समोर तू हवास."

"म्हणाले होते. आणि अजूनही म्हणते. पोट उघडावं लागलं, तर समोर तूच. हात धुऊन, गाऊन घालून, सगळी हत्यारं मांडून तयार राहायचंस. रोबोट बाजूला काढला की पुढचं सगळं तुझ्या हातात. पण रोबोट चालू आहे तोवर चिमणी."

"म्हणजे राखीव खेळाडू."

"म्हणजे विश्वास, गाढवा."

"विश्वास असता तर सरांकडून निरोप आला नसता."

ताईंनी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले. "तुझ्या हातांवर माझा जेवढा भरवसा आहे, तेवढा माझ्या स्वतःच्या हातांवर नाही. पण सर आता समोर उभे नसतात रे. कोपऱ्यातल्या त्या खोक्यात तोंड घालून बसतात, तिथून रोबोट चालवतात. त्यांचा हात तुला दिसत नाही, तुझा त्यांना दिसत नाही. राहिलं काय मध्ये? शब्द. बोललेला शब्द नीट पोचला पाहिजे आणि पोचला म्हणून परत सांगता आला पाहिजे. त्या पोरीची बडबड मी उगाच सहन करते असं वाटलं तुला?"

"त्या दिवसाचं म्हणत असाल, तर तो स्पीकर खराब होता."

त्या दिवसाचं दोघांनाही आठवत होतं. एका दुसऱ्याच रुग्णाचं ऑपरेशन. रक्तवाहिनीभोवती गुंडाळलेल्या रबरी फितीचं टोक त्याच्या हातातल्या चिमट्यात होतं. सर म्हणाले होते, "सोड." आणि त्याने ओढलं. त्याला "ओढ" असंच ऐकू आलं होतं. शपथेवर सांगितलं असतं त्याने. एक बारीक फांदी फाटली, पडदा लाल झाला. सरांनी टाका घालून ते सावरलं, रुग्ण धडधाकट घरी गेला, पण त्या दिवसापासून काहीतरी बदललं. त्याने स्पीकरची तक्रार केली. तंत्रज्ञाने नवा स्पीकर बसवून दिला. आणि त्यानंतर रोबोटच्या प्रत्येक ऑपरेशनला ताई येऊन त्याच्या मागे उभ्या राहू लागल्या. सर बोलले की त्या मोठ्याने तोच शब्द म्हणत, "सोड म्हणालेत," "पुस म्हणालेत," आणि तो मनातून चिडे. शिकाऊ पोराच्या पाठीशी उभं राहावं तसं काय!

"स्पीकर नवा आला ना?" ताई म्हणाल्या. "तरी मी तुझ्या मागे का उभी राहत होते? माझे पाय दुखत नाहीत? आणि डाव्याच खांद्याशी का, हे कधी मनात आलं नाही तुझ्या?"

"तुमची सवय."

"माझी सवय!" त्या हसल्या, पण कवळी नसलेल्या तोंडाचं ते हसू हसू वाटेना. "तपासून घे, तपासून घे म्हणून किती वेळा सांगितलं. तुझ्या बायकोलाही सांगितलं."

"तिला?" तो ट्रॉलीच्या आणखी जवळ सरकला. "माझ्यामागे?"

"तुझ्यापुढे बोललं तर तू नुसती मान हलवतोस."

"मला काहीही झालेलं नाही, ताई."

"नसेल झालेलं. पण आज मी तुझ्या मागे उभी राहू शकत नाही रे." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आज मी टेबलावर असणार आहे."

इतक्यात मामा आले. थिएटरचे मदतनीस मामा, ज्यांनी आजवर हजारो लोकांना त्या दारातून आत नेलं होतं. "चला ताईसाहेब, तुमची गाडी लागली," ते म्हणाले आणि त्यांनी ट्रॉलीचे ब्रेक सोडले. चिमणीही दारात येऊन उभी राहिली होती. तो बाजूला सरला. ट्रॉली त्याच्या उजव्या अंगाने पुढे गेली. जाता जाता ताईंनी मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. काळजी करू नकोस, असंच काहीतरी. त्याने मान डोलावली.

त्याच्या वडिलांना, अण्णांना, ही सवय होती. उतारवयात ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून, येईल त्याच्याकडे बघून हसत मान डोलावत. कुणी विचारलं, जेवलात का, तरी मान डोले; कुणी म्हटलं, शेजारचे गेले हो, तरी मान डोले आणि हसू तसंच राही. मित्र घरी आले की त्याला त्या मानेची लाज वाटायची. हे आत्ताच का आठवावं, याचा त्याला राग आला आणि तो हात धुवायला वळला.

ऑपरेशन सुरू झालं. पोटावर लहान लहान छिद्रं पडली, त्यांतून नळ्या गेल्या, नळ्यांना रोबोटचे हात जोडले गेले. सर कोपऱ्यात जाऊन बसले आणि त्यांनी डोकं त्या खोक्यात घातलं. आता त्यांची फक्त पाठ दिसत होती. तो भिंतीशी, हिरव्या कापडाखाली झाकलेल्या हत्यारांच्या ट्रॉलीमागे, दोन्ही हात छातीशी जुळवून उभा राहिला. पडद्यावर ताईंचं पोट आतून उजळलं होतं. पिवळं, गुलाबी, ओलं, एखाद्या अनोळखी प्रदेशात पहाट व्हावी तसं. ज्या बाईच्या डोळ्यांत त्याने कधी फार वेळ पाहिलं नव्हतं, तिचं यकृत, तिची आतडी तो आता उघड्या डोळ्यांनी बघत होता. बघत होता तेवढंच.

"सोडलं," चिमणी म्हणाली. "कॅमेरा पुसते, थांबा... पुसला, आला का उजेड? सुई आत. धरलीय, धरलीय. सुई बाहेर आली सर, माझ्याकडे आहे. हो, वरच उचलते. उचललं."

खोलीत तिचाच आवाज होता. काम जणू ती एकटी स्वतःशी बोलत करत होती. सर आज अगदीच हळू बोलतायत, त्याला वाटलं. ताईंसाठी मन जड झालं असेल त्यांचं. त्याला सगळी उत्तरं ऐकू येत होती. प्रश्न एकही नाही. एकदा मान अवघडली म्हणून त्याने डोकं उजवीकडे वळवलं, आणि सरांचा आवाज, श्वासासकट, स्वच्छ, कानाशी कुणी बोलावं तसा आला: "थोडं डावीकडे. अजून. बस." त्याने मान पुन्हा सरळ केली. आवाज गेला. त्याने पडद्याकडे लक्ष लावलं आणि दुसरा कसलाही विचार केला नाही.

रागाची एक गंमत असते. तो फार वेळ एका जागी उभा राहिला, की त्याला आपोआप पालवी फुटते. बायको ताईंशी काय काय बोलली असेल? ताईंनी सरांना काय सांगितलं असेल? सगळ्यांनी मिळून, त्याच्या पाठीमागे, त्याच्याभोवती खुर्च्या-टेबलं सरकवावीत तशी सोय लावली होती, आणि तो मात्र आपण मोकळेपणी चालतोय या भ्रमात. मौनीबाबा म्हणून जे हसत होते, ते नक्की कशाला हसत होते? त्याच्या मनात एक विचार आला. काहीतरी बिघडावं. थोडंसंच. पोट उघडावं लागेल इतकंच. मग मी पुढे होईन, सरांचा हात माझ्यापुढे उघडेल, आणि ताईंना कळेल.

आणि पडदा लाल झाला.

एका कडेने लाली उसळली आणि बघता बघता सगळं चित्र बुडालं. चिमणीचे हात झपाट्याने हलले. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने ट्रॉलीवरचं कापड फेकलं, ट्रॉली पुढे घेतली, टेबलाच्या दिशेने निघाला. "दादा, तयार राहा म्हणतायत सर!" चिमणी ओरडली, तेव्हा तो निघालेलाच होता. त्याचं काळीज धडधडत होतं, आणि ती भीती नव्हती. पुढे कितीतरी दिवस त्याला आठवत राहणार होतं, की ती भीती नव्हती.

"दादा! थांबा! थांबा म्हणतायत ना!"

तो थांबला. रोबोटचा एक हात त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि त्या हाताचं टोक ताईंच्या पोटात होतं. अजून एक पाऊल टाकलं असतं, तर त्याचा धक्का लागला असता. भूल देणारे डॉक्टर उभे राहिले होते. मामाही दारात थिजले होते. सगळे त्याच्याकडे बघत होते. पडद्यावर लाली ओसरत होती आणि सरांची बारीक सुई एक टाका घालून वर आली होती.

"दोनदा म्हणाले सर थांब," चिमणी हळूच म्हणाली. पण ती त्याच्या समोर होती, म्हणून ते त्याला ऐकू आलं.

तो ट्रॉली मागे घेऊन भिंतीशी गेला. कापड जमिनीवर पडलं होतं, ते मळलं होतं. मामांनी दुसरं आणून दिलं. तमाशा केला पोरीने, त्याच्या मनात आलं. पण या वेळी ते वाक्य मनात नीट उभं राहीना.

उरलेलं सगळं सुरळीत पार पडलं. गाठ निघाली. आतडं पुन्हा जोडलं गेलं, एकेका टाक्याने, चिमणीच्या एकेका उत्तराने. सर खोक्यातून डोकं बाहेर काढून उठले, तेव्हा त्यांच्या कपाळावर त्या खोक्याची आडवी खूण उमटली होती. "छान झालं," ते सगळ्यांना म्हणाले. त्याच्या ट्रॉलीवरचं एकही हत्यार वापरलं गेलं नव्हतं. त्याने ती तशीच, चकचकीत, परत धुवायला पाठवली.

दुपार कलली होती. ताईंना शुद्धीवर येण्यासाठी शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. तो गेला तेव्हा चिमणी त्यांच्या पायांवर पांघरूण नीट करत होती. मास्क काढल्यामुळे तिच्या गालांवर वळ दिसत होते, आणि पहिल्यांदाच ती गप्प होती.

"चांगलं केलंस," तो म्हणाला. म्हणायला फार जड गेलं. पण खोटं नव्हतं.

तिने मान खाली घातली. मग वर न बघता ती म्हणाली, "एक सांगू, दादा? रागावू नका. सकाळी तुम्ही ताईंशी बरं वागला नाहीत."

"काय केलं मी?"

"ट्रॉली निघाली तेव्हा त्यांनी तुम्हाला विचारलं, 'रागावलास का रे माझ्यावर?' आणि तुम्ही मान डोलावलीत. सरळ हो म्हणालात." तिचे डोळे भरून आले. "आत येईपर्यंत त्या रडत होत्या. भूल द्यायच्या आधी मीच डोळे पुसले त्यांचे."

मी हो म्हणालो नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण तो रागावला होता, तेव्हाही आणि आत्ताही. त्याच्या मानेने, त्याला न विचारताच, खरं ते सांगून टाकलं होतं. चिमणी बाहेर गेली. तो पलंगाशी उभा राहिला. ताईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्यावर वाफेची एक लहानशी झिलई येत होती, जात होती.

त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला. अर्धवट शुद्धीत तो चाचपडला, उताणा झाला, तळवा उघडला गेला. काहीतरी मागणारा हात. हा हात तो ओळखत होता. त्याने आपला डावा हात त्यात ठेवला. ताईंची बोटं मिटली आणि घट्ट झाली. अजून ग्लानीत होत्या, पण पकड जुनीच होती.

खिशात फोन थरथरला. बायकोचा होता. डावा हात अडकलेला, म्हणून त्याने उजव्या हाताने फोन काढला आणि कानाला लावला.

"हॅलो," तो म्हणाला. "हं, बोल."

पलीकडे शांतता होती.

"हॅलो? ऐकू येत नाहीये. हॅलो?"

काहीच नाही. त्याने फोन डोळ्यांपुढे धरला. फोन लागलेला होता. पडद्यावर सेकंद एकामागून एक पुढे सरकत होते. रेंजही पूर्ण होती. खिडकीतून उतरतं ऊन येऊन त्याच्या मनगटावर पडलं होतं. इथे भिंतीवर स्पीकर नव्हता, बोलणाऱ्याच्या तोंडाला मास्क नव्हता, आणि सर हळू बोलत नव्हते. त्याने फोन पुन्हा उजव्या कानाला लावला, घट्ट दाबून धरला, श्वास रोखून. सकाळच्या खोलीसारखं सगळं निवांत होतं. मग, ताईंच्या मुठीतला हात न सोडवता, त्याने उजवा हात चेहऱ्यावरून आडवा नेला आणि फोन डाव्या कानाशी धरला.

"...कशा आहेत ताई? काहीतरी बोला ना. अहो, ऐकलंत का? अहो!"

त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं.